गाडी सजवा, पण घामाचा पैसा सांभाळून!

आपल्या वस्त्यांमध्ये आता घरापुढे चारचाकी उभी दिसू लागली आहे. कुणाचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला, कुणी शिक्षक झाला, कुणी मोलमजुरी करून पै-पै साठवली. गाडी बहुधा कोरी नसते. कुणीतरी दहा-बारा वर्षे वापरलेली, रंग उडालेली, सीट फाटलेली अशीच ती आपल्या अंगणात येते. ज्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याची बैलगाडी हाकली, त्याच्या दारात स्वतःची गाडी उभी राहते, तेव्हा ती नीटनेटकी, देखणी दिसावी असे घरातल्या सगळ्यांना वाटणारच. यात उधळेपणा आहे असे आम्ही मानत नाही. ही आपल्या कष्टाची हौस आहे आणि ती पुरवलीच पाहिजे.

प्रश्न एवढाच आहे की ती कशी पुरवायची. आमची ढाणकी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात. इथून यवतमाळचे आरटीओ कार्यालय शंभरावर किलोमीटर. सजावटीचा बाजार म्हणाल तर नांदेडचा जवळ. तिथल्या दुकानांत चकचकीत माल टांगलेला असतो. पोरे जातात आणि महिन्याचा पगार मोकळा करून येतात. त्यातल्या निम्म्या गोष्टी घरच्या घरी, थोड्या पैशांत आणि अधिक चांगल्या होऊ शकतात. काही गोष्टी तर फुकट मिळाल्या तरी लावू नयेत. कोणत्या कराव्यात आणि कोणत्या टाळाव्यात, तेच या लेखात सांगायचे आहे.

सजावटीची हौस जुनीच

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवा. १९६४ साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली. हीच गाडी पुढे ‘पद्मिनी’ नावाने ओळखली गेली आणि तिने हजारो टॅक्सीवाल्यांची घरे चालवली. बाहेरचा रंग सरकारी नियमाने ठरलेला, त्यात बदल नाही. मग चालकाने आपली सगळी हौस आत पुरवली. छताला फुलाफुलांचे रेक्झिन, सीटला झालर, आरशाला गोंडा. २०१५ मध्ये संकेत अवलानी यांनी ‘टॅक्सी फॅब्रिक’ हा उपक्रम सुरू केला आणि तरुण चित्रकारांनी काढलेल्या चित्रांचे कापड टॅक्सीच्या सीटवर आणि छतावर चढले. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ती रस्त्यावरून उतरली. नियम पाळूनही गाडी आपलीशी करता येते, हे त्या टॅक्सीवाल्यांनी दाखवून दिले.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचे. त्यांनी भंगारातले भाग जोडून सुमारे साठ हजार रुपयांत छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची कीर्ती देशभर झाली. आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. मात्र ही देऊ करतानाच महिंद्रांनी हेही म्हटले होते की अशी गाडी नियमात बसत नाही, त्यामुळे अधिकारी कधी ना कधी ती रस्त्यावर चालू देणार नाहीत. कष्टकऱ्याच्या हातात कसब किती असते आणि कायद्याची वेस कुठे असते, हे दोन्ही या एका घटनेतून कळते.

आधी धुणे, मग रंग

जुनी गाडी घेतली की पोरे पहिल्यांदा स्टिकरच्या दुकानाकडे धावतात. आमचे म्हणणे असे की आधी दोन बादल्या पाणी घ्या. आपल्याकडची काळी माती वाळली की तिची पूड पत्र्यावर बसते. त्यावर कोरडे फडके मारले की बारीक ओरखडे पडतात. म्हणून आधी भरपूर पाणी सोडून माती वाहू द्यावी आणि मगच हात लावावा. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची पावडर वापरू नये, तिने पॉलिशचा थर जातो. गाडीचा शाम्पू मिळतो, तोच घ्यावा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाणी मारू नये, डाग उमटतात. सकाळी लवकर किंवा कडुनिंबाच्या सावलीत हे काम करावे.

ओरखड्यावरून अलगद नख फिरवून पाहा. नख अडकले नाही तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच आहे. रबिंग कंपाउंड आणि मऊ फडक्याने तो निघतो. जोर लावू नका, हा थर फार पातळ असतो. नख अडकले तर रंग गेलेला आहे, तिथे रंगच भरावा लागेल.

गंज मात्र लपवू नये. वरून रंग मारला की आतून पत्रा खातच राहतो. ८० नंबरच्या कागदाने घासून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत गंज काढावा. खड्डा असेल तर लांबीचे पातळ थर द्यावेत. एकदम जाड थर दिला तर तो पुढे तडकतो. वाळल्यावर २२० आणि मग ४०० नंबरच्या कागदाने सपाट करून त्याच दिवशी प्रायमर मारावा, कारण उघडा पत्रा एका रात्रीतही गंज धरतो. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो. तो सांगितला की रंगाच्या दुकानात तीच छटा मिळते. जुन्या गाडीचा रंग उन्हाने फिका झालेला असतो, म्हणून आधी न दिसणाऱ्या जागी मारून पाहावे.

स्प्रेचा डबा वापरताना आजूबाजूला वर्तमानपत्र आणि मास्किंग टेप लावावी. डबा वीतभरापेक्षा थोडा लांब धरावा आणि हात सतत हलता ठेवावा. एका जाड थराऐवजी तीन-चार पातळ थर द्यावेत, दोन थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. नाकातोंडाला मास्क हवाच. काम उघड्यावर करावे, जवळ बिडी-काडी किंवा चूल नको. या वाफा पेट घेतात. लेकरांना लांब ठेवावे.

पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर टूथपेस्ट घासली की काच स्वच्छ दिसते खरी, पण ती चमक थोडे दिवसच टिकते. ८००, १००० आणि २००० नंबरच्या ओल्या कागदाने क्रमाने घासून पॉलिश केले तर काम जास्त टिकते. शेवटी उन्हापासून वाचवणारा थर दिला नाही तर पिवळेपणा परत येतो. काळे प्लास्टिक चमकावे म्हणून डिझेल किंवा रॉकेल पुसणारे आम्ही पाहतो. त्याने चार दिवस चकाकी येते, वर धूळ चिकटते आणि दाराची रबरे फुगून खराब होतात.

सीट कव्हर घरीच शिवा

खरा पैसा वाचतो तो इथे. आपल्या किती तरी भगिनींकडे शिवणयंत्र आहे. पोलके, परकर, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या हाताला सीटचे कव्हर जड नाही.

आमच्या घरी पुतण्याने जुनी आल्टो आणली. नोंदणीला पंधरा वर्षे भरत आलेली. सीट अशा फाटलेल्या की स्पंज बाहेर आलेला. दुकानदार तयार रेक्झिनचे कव्हर दाखवत होता. आमच्या वहिनीने ते हाताने दाबून पाहिले आणि म्हणाली, “मे महिन्यात यावर बसून दाखव, मग घेऊ.” तिचे बरोबर होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. बंद गाडीतले रेक्झिन अंग भाजते. म्हणून तिने बसायच्या आणि पाठ टेकायच्या भागाला गादीपाट वापरला आणि घासली जाणारी बाजू फक्त रेक्झिनची केली. दिसायलाही ते दुरंगी काम छान दिसते.

करायची पद्धत अशी. जुने कव्हर असेल तर त्याची शिवण उसवून तुकडे वर्तमानपत्रावर ठेवावेत आणि मापे काढून घ्यावीत. नसेल तर सीटवरच कागद अंथरून कडा आखाव्यात. चारही बाजूंनी शिवणीसाठी दीड सेंटीमीटर सोडावे. गादीपाट कापण्याआधी भिजवून वाळवून घ्यावा, नाही तर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि कव्हर सीटवर चढत नाही. रेक्झिनला टाचण्या लावू नयेत, टाचणीचे भोक कायमचे राहते. कपडे वाळत घालायचे चिमटे लावून दोन थर जोडावेत. सुई १६ किंवा १८ नंबरची, दोरा नायलॉनचा. टाका लांब ठेवावा. बारीक टाक्यांनी रेक्झिनला भोकांची रांग पडते आणि ते तिथूनच फाटते. यंत्राचा पाय रेक्झिनला चिकटत असेल तर मध्ये पातळ कागद ठेवून शिवावे आणि नंतर कागद फाडून काढावा. आतून जुन्या लुगड्याचे अस्तर दिले की स्पंजही टिकतो.

शिवून झाल्यावर चार गोष्टी तपासा. सीट पुढे-मागे सरकते का? कापड रुळात अडकत नाही ना? पाठ पाडायचा दांडा मोकळा आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सीटबेल्टची कुलपे वर आहेत का? मागच्या सीटचे बेल्ट कव्हरखाली दाबून टाकायची वाईट सवय सगळीकडे आहे. मागे बसणारी तर आपलीच म्हातारी आई आणि लेकरे असतात. गाडी नव्या धाटणीची असेल आणि सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल, तर ती बाजू अजिबात झाकू नये. तिथे जाड शिवण आली तर अपघाताच्या वेळी पिशवी उघडणार नाही.

छत, मॅट आणि डॅशबोर्ड

छताचे कापड लोंबते, कारण त्यामागचा पातळ फोम उष्णतेने भुगा होतो. वरून सुईने सोल्युशन सोडून ते चिकटत नाही, उलट डाग पडतात. छताचा पुठ्ठा सोडवून बाहेर काढावा, जुना भुगा खरवडावा आणि फोम लावलेले नवे कापड मधून कडेकडे दाबत चिकटवावे. दोन माणसांचे काम आहे.

मॅट एकावर एक टाकू नयेत. चालकाच्या पायाखालची मॅट सरकून ब्रेकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली गेली तर पाय दाबूनही उपयोग होत नाही. एकच मॅट, तीही खिळ्याला किंवा हुकाला पक्की असावी. स्टिअरिंगचे कव्हर मापाचे घ्यावे. सैल कव्हर वळणावर हातात फिरते, चाक फिरत नाही.

डॅशबोर्डवर चकचकीत तेलकट पॉलिश नको. दुपारी त्याची तिरीप पुढच्या काचेवर पडते आणि समोरचे दिसत नाही. डॅशबोर्डवर तथागतांची छोटी मूर्ती किंवा बाबासाहेबांचे चित्र ठेवायची आपल्याकडे रीत आहे. अवश्य ठेवावे, मात्र जागा पाहून. जिथे एअरबॅगचे झाकण आहे तिथे काहीही चिकटवू नये. ती पिशवी डोळ्याचे पाते लवायच्या आत फुटते आणि वरची वस्तू दगडासारखी अंगावर येते. मूर्ती लहान, हलकी आणि पक्की बसवलेली असावी, चालकाची नजर अडवणारी नसावी.

दिवे आणि वायरी

इथे मात्र हात आखडता घ्यावा. आमच्या पुतण्याच्या आल्टोला आधीच्या मालकाने भारी बल्ब बसवून घेतलेले होते. दिव्याचा होल्डर वितळून काळा पडला होता आणि दिवा लावला की जळका वास येई. असे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. कंपनीचे दोन बल्ब साठ-साठ वॅटचे, म्हणजे १२० वॅट. १२० भागिले १२, म्हणजे दहा अँपिअर वीज वायरीतून जाते. शंभर वॅटचे दोन लावले तर २०० भागिले १२, म्हणजे जवळजवळ सतरा अँपिअर. वायर तीच, बटण तेच. दहाचे ओझे वाहायला दिलेल्या हमालाच्या पाठीवर सतरा लादले तर तो कोसळणारच. तशीच वायर तापते आणि पेटते. गाडीत गॅसची टाकी असेल तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय समोरून येणाऱ्या सायकलवाल्याचे डोळे दिपतात. तोही आपल्यासारखाच कामावरून घरी निघालेला असतो.

आत बारीक एलईडी पट्टी लावायची हौस असेल तर ती वेगळ्या फ्यूजवरून घ्यावी, जोड नुसता पिळून न ठेवता डाग देऊन टेप गुंडाळावी, आणि वायर धारदार पत्र्यावरून नेऊ नये. खेड्यात उंदीर वायरी कुरतडतात. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून पाहावे.

कायद्याची वेस

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. फेरफार म्हणजे गाडीच्या रचनेतला मूलभूत बदल. सीट कव्हर, मॅट, पॉलिश यात येत नाहीत. मात्र आरसी बुकात रंगाची नोंद असते. पांढरी गाडी निळी करायची उत्सुकता आपल्या पोरांना असते. करा, पण आधी आरटीओची परवानगी आणि बुकात नोंद, मग रंग.

काळ्या फिल्मवर २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. नियमानुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान पन्नास टक्के प्रकाश जायला हवा. पुढे २०२१ पासून नियमात सुधारणा झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने या प्रमाणात बसणारी फिल्म चालेल असा निकाल दिला. म्हणून काळीकुट्ट काच चालते असे कुणी समजू नये.

ही काळी फिल्मही त्या आल्टोला होतीच. “काका, काहून काढायची? सगळ्यांच्याच गाड्यांना आहे,” पुतण्या कुरकुरला. आम्ही काही बोलायच्या आतच वहिनी म्हणाली, “रात्री बंदी भागातून येताना बाजूचा माणूस तुला दिसतो का, ते आधी सांग.” तो गप्प झाला. उन्हात गाडी उभी करून फिल्म मऊ केली आणि एका कोपऱ्यातून सावकाश सोलली. उकाड्यासाठी दुसरे उपाय आहेत. गाडी सावलीत लावावी, उभी असताना पुढच्या काचेआड चंदेरी पडदा ठेवावा, निघताना पहिली दोन मिनिटे चारही काचा उघड्या ठेवाव्यात.

पुढचा लोखंडी गार्डही काढला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे गार्ड बेकायदा असल्याचे सर्व राज्यांना कळवले आहे. गार्डामुळे धडकेचा मार गाडीच्या पुढच्या भागात न जिरता सरळ सांगाड्यात येतो, आणि समोरच्या पादचाऱ्याचा तर जीवच जातो. आमचा गार्ड भंगारात वजनावर गेला. त्या पैशांत गादीपाट आला.

नंबर प्लेटवर आकड्यांची वेलबुट्टी करून ‘दादा’ किंवा ‘बॉस’ लिहिणे, नाव किंवा चित्र घालणे नियमात बसत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट बंधनकारक केली आहे. ‘जयभीम’ लिहायचे तर नंबर प्लेट सोडून लिहावे, काच झाकू नये. अनेक सुरांचा कर्कश हॉर्नही नियमाने बंद आहे.

हे सगळे आम्ही इतके लावून धरतो, त्याला कारण आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे पाच वर्षांसाठी ती वाढवायची तर गाडी तपासणीला न्यावी लागते. आपल्या लोकांच्या गाड्या बहुतेक याच वयाच्या. बेकायदा फेरफारापायी गाडी नापास झाली तर शंभर किलोमीटरचा फेरा, बुडालेली मजुरी, आणि पुन्हा काढण्या-बसवण्याचा खर्च. आल्टोची तपासणी आता जवळ आली आहे. काच मोकळी, गार्ड नाही, दिवे कंपनीच्या मापाचे, एवढी तयारी घरच्या घरी झाली आहे.

जयंतीची आणि लग्नाची गाडी

१४ एप्रिलला, लग्नात, नागपूरच्या दीक्षाभूमीला निघताना गाडी सजवली जाते. ही सजावट एका दिवसाची असते, म्हणून तिचा मारही एका दिवसात बसतो. साधी चिकटपट्टी पत्र्यावर लावली आणि दिवसभर उन्हात राहिली की सोलताना रंग घेऊन येते. त्याऐवजी सुतळी किंवा कापडी पट्टी आरशाला, दाराच्या चौकटीला बांधावी. फुलांच्या माळांखाली ओले डाग राहतात, त्या संध्याकाळीच काढून पत्रा धुवावा. पुढची काच, आरसे आणि मागचे लाल दिवे झाकू नयेत. पताकेची काठी खिडकीबाहेर आडवी काढू नये. रात्रीचा प्रवास असेल तर मागे लाल आणि पुढे पांढरे रेडियम लावावे. ही सजावट दिसायला चांगली आणि जीव वाचवणारीही.

कोणतीही वस्तू घ्यायच्या आधी घरात बसून तीन प्रश्न विचारावेत. याने चालकाची नजर, हात किंवा पाय अडतो का? याने बेल्ट, ब्रेक, दिवा, एअरबॅग यांच्या कामात खोळंबा होतो का? तपासणीला नेताना हे काढावे लागेल का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर खुशाल लावा. एकाचेही ‘होय’ असेल तर ते पैसे नव्या टायरसाठी ठेवा. मुलांना कागद घासायला, मुलींना लांबी भरायला, आईला मापे काढायला बसवा. दोन रविवार घरातले सगळे एका कामाला लागले की गाडी आपली होते आणि पोरांच्या हातात एक कामही येते. ज्या भगिनींनी असे कव्हर शिवले असेल त्यांनी शेजारणीलाही शिकवावे. गावात गाड्या वाढत आहेत, चार घरची कव्हरे शिवून मिळालेला पैसा संसाराला उपयोगी पडेल.